विश्लेषण : घरी रोल धुतल्यावर उरलेल्या केमिकलचं काय करायचं?

बाथरूममधल्या दोरीवर चिमट्याला लावलेली निगेटिव्ह वाळतेय. उजेडाकडे धरून पाहिलं तर रंकाळ्याचा संध्यामठ, महाद्वार रोडवरची गर्दी, गच्चीवर बसलेली आजी, सगळं उलट्या छटांत पण स्पष्ट दिसतंय. रोल घरीच धुतला आणि जमलाही. आता स्कॅन करायचं आणि इन्स्टाग्रामवर टाकायचं.

पण खाली फरशीवर तीन बाटल्या उरल्यात. एकीत चहासारखं तपकिरी पाणी, दुसरीत आंबट वासाचं, तिसरीत जवळपास स्वच्छ दिसणारं. हे ओतायचं कुठे?

बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं : मोरीत. तिन्ही एकामागोमाग ओतायच्या, वर दोन तांबे पाणी टाकायचं, विषय संपला. यात गंमत अशी की तपकिरी पाणी बघून माणूस बिचकतो आणि स्वच्छ दिसणारं बिनधास्त ओततो. खरी काळजी घ्यायची ती नेमकी त्या स्वच्छ दिसणाऱ्या बाटलीची. तिचं नाव फिक्सर. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या भाषेत 'हायपो'. आणि त्यात चांदी असते.

थोडक्यात सांगायचं तर :

- ब्लॅक अँड व्हाइट रोलचा वापरलेला डेव्हलपर आणि स्टॉप बाथ घरगुती प्रमाणात, भरपूर पाण्याबरोबर, ड्रेनेज लाइनला जोडलेल्या मोरीत सोडता येतो.
- वापरलेला फिक्सर मोरीत, सेप्टिक टँकमध्ये, गटारीत किंवा झाडाला कधीच टाकायचा नाही. तो वेगळ्या कॅनमध्ये साठवायचा.
- ही रसायनं एकमेकांत किंवा टॉयलेट क्लीनर, ब्लीचिंग पावडर यांच्यात मिसळायची नाहीत. याला एकच अपवाद आहे, तो पुढे येईल.

आता हे असं का, ते सविस्तर पाहूया.

कोल्हापूर आणि फिल्म : नातं जुनंच

कोल्हापूरला फिल्म नवी नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. त्यासाठी वापरलेला कॅमेराही कोल्हापुरातच घडवलेला होता. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी याच शहरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पुढची कितीतरी वर्षं गल्लोगल्लीच्या फोटो स्टुडिओंमागे लाल दिव्याची एक डार्करूम असायची. 'रोल धुवायला टाकला' हे वाक्य घराघरात होतं.

डिजिटल कॅमेरा आला आणि डार्करूम बंद पडल्या. आता जुने कॅमेरे पुन्हा कपाटातून बाहेर येत आहेत. पण रोल धुऊन देणारी दुकानं कमी उरली आहेत. त्यामुळे अनेक जण व्हिडिओ पाहून घरीच रोल धुतात. धुवायचा कसा, हे सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. धुतल्यावर उरलेल्या पाण्याचं काय करायचं, यावर मात्र शेवटची दहा सेकंदंही मिळत नाहीत.

तीन बाटल्यांत नेमकं असतं काय?

पहिली बाटली डेव्हलपरची. फिल्मवर उजेड पडलेल्या ठिकाणचे चांदीचे क्षार तो काळ्या, धातुरूप चांदीत बदलतो आणि चित्र उमटतं. १९२७ पासून वापरात असलेल्या डी-७६ या प्रसिद्ध डेव्हलपरमध्ये मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स असतं. तो अल्कधर्मी असतो. वापरून, हवा लागून तपकिरी होतो. मेटॉल आणि हायड्रोक्विनोनमुळे काहींच्या हातावर पुरळ उठतं, खाज येते, म्हणून हातमोजे हवेतच. पण यातली रसायनं सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या जिवाणूंना बऱ्यापैकी फोडता येतात.

दुसरी बाटली स्टॉप बाथची. हे म्हणजे अतिसौम्य ॲसिटिक किंवा सायट्रिक ॲसिड. व्हिनेगर आणि लिंबूसत्त्वाच्या जातकुळीतलं. डेव्हलपरचं काम ते जागच्या जागी थांबवतं. तिघांत सगळ्यात निरुपद्रवी हेच.

तिसरी बाटली फिक्सरची. यात सोडियम थायोसल्फेट किंवा अमोनियम थायोसल्फेट असतं. फिल्मवर जिथे उजेड पडलेला नाही, तिथले चांदीचे क्षार तसेच शिल्लक असतात. ते काढले नाहीत तर निगेटिव्ह उजेडात आल्यावर हळूहळू काळी पडेल. फिक्सर हे क्षार विरघळवून स्वतःत घेतो. चांदीचे क्षार थायोसल्फेटमध्ये विरघळतात, हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवलं होतं. २० वर्षांनी, १८३९ मध्ये, फोटो पक्का करण्यासाठी त्याचा उपयोग त्यांनीच सुचवला. आजही घरोघरी वापरला जाणारा फिक्सर याच तत्त्वावर चालतो.

म्हणजे बाटलीतला नवा फिक्सर आणि वापरलेला फिक्सर दिसायला जवळपास सारखे असले, तरी वापरलेल्यात रोलमधून निघालेली चांदी विरघळलेली असते.

किती चांदी? साधा हिशेब

महिन्याला दोन रोल धुणारा हौशी फोटोग्राफर घेऊ. म्हणजे वर्षाला २४ रोल. बाजारातला एखादा रॅपिड फिक्सर एकास चार प्रमाणात पाणी घालून केला, तर त्याच्या एका लिटरमध्ये ३६ फोटोंचे साधारण २४ रोल होतात. म्हणजे वर्षाचा वापरलेला फिक्सर किती? फक्त एक लिटर.

या एका लिटरमध्ये साधारण दोन ते पाच ग्रॅम चांदी असू शकते. रोल कोणता, फोटो किती उजळ किंवा गडद, यावर आकडा बदलतो. दागिन्याच्या भाषेत, जोडव्यांच्या एका हलक्या जोडाएवढी चांदी.

हा आकडा कमी वाटतो, पण पाण्याच्या हिशेबात तो मोठा आहे. अमेरिकेत कचऱ्याच्या चाचणीत एका लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त चांदी आढळली की तो कचरा घातक मानला जातो. वापरलेल्या फिक्सरमध्ये त्याच्या शेकडो पट चांदी असते.

रंगीत रोलमध्ये हे प्रमाण आणखी वाढतं. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हमध्ये काही चांदी चित्र म्हणून फिल्मवरच राहते. रंगीत निगेटिव्हमधलं चित्र रंगद्रव्याचं असतं, त्यामुळे जवळपास सगळीच चांदी शेवटी ब्लीच-फिक्स म्हणजे 'ब्लिक्स'मध्ये उतरते.

मोरीत ओतलं तर पुढे काय होतं?

ते घर कुठल्या व्यवस्थेला जोडलेलं आहे, यावर हे अवलंबून आहे.

घर ड्रेनेज लाइनला जोडलेलं असेल, तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातं. कोल्हापुरात कसबा बावड्यात रोज ७ कोटी ६० लाख लिटर आणि दुधाळीत रोज १ कोटी ७० लाख लिटर क्षमतेचं केंद्र आहे. तिथे पोहोचलेली चांदी बहुतांशी सल्फाइड बनून गाळात बसते. ती नाहीशी होत नाही, फक्त पाण्यातून गाळात जाते.

घराला सेप्टिक टँक असेल, तर गोष्ट वेगळी. उपनगरांतल्या, नव्या वसाहतींतल्या अनेक घरांना तोच असतो. सेप्टिक टँकचं काम जिवाणू करतात आणि चांदी जिवाणू मारते. पाण्याच्या फिल्टरमध्ये चांदी वापरतात ती याच गुणासाठी. शिवाय टाकीतून झिरपणारं पाणी जमिनीत जातं. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर हे आणखी गंभीर.

आणि पाणी उघड्या गटारीत गेलं, तर ते नाल्यात, नाल्यातून पंचगंगेत. जयंती आणि दुधाळी हे शहरातले नाले नदीकडेच जातात. पंचगंगा पुढे इचलकरंजीजवळून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कोल्हापूरच्या मोरीतून जे सुटतं, ते शिरोळ तालुक्याच्या वाट्याला येतं. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांच्या बातम्या जिल्ह्याला नव्या नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पंचगंगा फोटोग्राफरांमुळे प्रदूषित झालेली नाही. प्रक्रिया न झालेलं सांडपाणी आणि औद्योगिक पाणी ही तिची मोठी दुखणी आहेत. शिवाय फिक्सरमधली चांदी थायोसल्फेटला घट्ट बांधलेली असते, त्यामुळे ती सुट्या चांदीच्या आयनांइतकी विषारी नसते. पण सुटे आयन मासे आणि पाण्यातल्या सूक्ष्मजीवांसाठी अत्यंत घातक असतात, आणि एकदा नाल्यात सोडलेल्या चांदीचं पुढे काय होईल, हे आपल्या हातात राहत नाही. वर्षाला एक लिटर द्रव वेगळं ठेवणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

नियम काय सांगतात?

हॉस्पिटलसाठी उत्तर स्पष्ट आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत एक्स-रे फिल्म धुतलेलं चांदीयुक्त द्रव पिवळ्या वर्गातल्या रासायनिक द्रव कचऱ्यात नावानिशी येतं. ते वेगळं गोळा करायचं, त्यातून उपयोगी पदार्थ काढून घ्यायचा आणि प्रक्रिया केल्याशिवाय इतर सांडपाण्यात मिसळायचं नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर, घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बासेल करारातही फोटोग्राफीच्या रसायनांच्या कचऱ्याचा स्वतंत्र वर्ग आहे : वाय-१६.

घरासाठी मात्र चित्र धूसर आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी 'घरगुती घातक कचरा' असा वर्ग केला. त्यात रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, बॅटऱ्या अशी उदाहरणं आहेत. फोटोग्राफीच्या रसायनांचं नाव नाही. असा कचरा जमा करण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक केंद्र हवं, असंही या नियमांत म्हटलं होतं. कोल्हापूर महापालिकेचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे या हिशेबाने शहरात चार केंद्रं होतात.

थोडक्यात, तेच द्रव एक्स-रे सेंटरमधून निघालं तर त्याला नियम आहे आणि बाथरूममधून निघालं तर जवळपास नाही. म्हणून घरच्या घरी शिस्त लावून घेणं महत्त्वाचं ठरतं.

मग करायचं काय?

१. तीन बाटल्या, तीन वाटा. तिन्ही द्रवं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. फनेल आणि मेजरिंग जग धुऊनच दुसऱ्या बाटलीला वापरा.

२. डेव्हलपर आणि स्टॉप बाथ. आधी सांगितलेला अपवाद हाच. वापरलेला डेव्हलपर अल्कधर्मी, स्टॉप बाथ आम्लधर्मी. दोन्ही वापरून संपले की एका बादलीत एकत्र केल्यास एकमेकांची तीव्रता कमी करतात. मग नळ चालू ठेवून ड्रेनेजला जोडलेल्या मोरीत हळूहळू सोडा. घराला सेप्टिक टँक असेल तर हेही सोडू नका. ड्रेनेज असलेल्या मित्राच्या घरी रोल धुणं हा त्यावरचा सोपा उपाय.

३. फिक्सर संपेपर्यंत वापरा. तो दर रोलला फेकायचा नसतो. रोलच्या तोंडाकडचा वाया जाणारा तुकडा नव्या फिक्सरमध्ये टाका आणि पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. पुढे तेवढाच तुकडा पारदर्शक व्हायला दुप्पट वेळ लागू लागला, की फिक्सर संपला.

४. संपलेला फिक्सर कॅनमध्ये. पाच लिटरचा जाड प्लास्टिकचा कॅन पुरे. महिन्याला दोन रोलच्या हिशेबाने तो भरायला काही वर्षं लागतील. तीन-चार मित्रांनी मिळून एक कॅन ठेवला तर आणखी सोपं. फिक्सरनंतरच्या पहिल्या धुण्याच्या पाण्यातही थोडी चांदी येते, जमल्यास तेही यातच ओता.

५. धुण्याचं पाणी कमी करा. टँक वाहत्या नळाखाली अर्धा तास ठेवायची गरज नाही. पाणी भरून पाच वेळा उलटसुलट करा, ओता. पुन्हा भरून दहा वेळा, ओता. तिसऱ्यांदा वीस वेळा. रॅपिड फिक्सर वापरलेल्या फिल्मसाठी ही पद्धत पुरते.

६. कॅन द्यायचा कुठे? केमिकलवर चालणारी फोटो लॅब शहरात सुरू असेल, तर पहिली विचारणा तिथे करा. दुसरी, फिल्मवर एक्स-रे काढणाऱ्या सेंटरमध्ये. त्यांचा वापरलेला हायपो कोण नेतं, हे त्यांना माहीत असतं. तिसरी, चांदी शुद्ध करणाऱ्या व्यावसायिकांकडे. कचरा म्हणून द्यायचा असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागात किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात चौकशी करा. कॅन घेऊन थेट धडकू नका, आधी फोन करा. 'वापरलेला फोटोग्राफिक फिक्सर, चांदीयुक्त' असं स्पष्ट सांगा.

७. रंगीत रोलचं सगळं वेगळं. त्यातल्या डेव्हलपरने ॲलर्जी होण्याचा धोका जास्त असतो आणि ब्लिक्समध्ये चांदीबरोबर लोहाची संयुगंही असतात. ही द्रवं आपापल्या कॅनमध्ये साठवा. सेलेनियम टोनर वापरत असाल तर तोही कधीच मोरीत नको.

फिक्सरमधली चांदी घरी वेगळी करता येते का?

ब्लॅक अँड व्हाइट फिक्सरमधून काढता येते, आणि पद्धत फार अवघड नाही. लोखंड चांदीपेक्षा जास्त क्रियाशील असतं. वापरलेल्या फिक्सरमध्ये साधं, गंजणारं स्टील वूल टाकलं तर लोखंड द्रवात उतरतं आणि त्याच्या जागी चांदी काळपट गाळ म्हणून खाली बसते. स्टील वूल हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशसाठी मिळतं. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी इथे उपयोगाची नाही, कारण ती सहज गंजत नाही.

लिटरभर फिक्सरला मूठभर स्टील वूल घ्या आणि आठवडा ते दोन आठवडे ठेवा. झाकण घट्ट लावू नका, कारण आतून वायू निघतो. जागा हवेशीर आणि मुलांच्या हाताबाहेरची हवी. स्वयंपाकाचं भांडं एकदा वापरलं तर पुन्हा स्वयंपाकात नको.

चांदी उतरली का, हे तपासायला तांब्याच्या वायरचा तुकडा घासून लख्ख करा आणि दोन-तीन मिनिटं द्रवात बुडवा. त्यावर करडा-चंदेरी थर आला तर चांदी अजून शिल्लक आहे. तांबं तांबडंच राहिलं तर बहुतेक चांदी खाली बसली. मग वरचं पाणी गाळून डेव्हलपरप्रमाणेच भरपूर पाण्याबरोबर ड्रेनेजमध्ये सोडता येतं. गाळ वाळवून डबीत ठेवा.

इथेच थांबा. हा गाळ शुद्ध चांदी नसतो. त्यात लोखंड, गंज आणि सल्फाइड असतं. तो घरी गॅसवर वितळवणं, नायट्रिक ॲसिडमध्ये टाकणं किंवा अमोनिया वापरून शुद्ध करणं धोक्याचं आहे. अमोनिया आणि चांदीच्या काही मिश्रणांतून स्फोटक पदार्थ तयार होतात. दोन-चार ग्रॅम चांदीसाठी डोळे पणाला लावायचे नसतात. ब्लिक्सवर ही पद्धत नीट चालत नाही, त्यामुळे ते कॅनमध्येच ठेवा.

या चुका महागात पडतात

फिक्सर टॉयलेटमध्ये ओतणं. तिथे आधी ॲसिडयुक्त क्लीनर टाकलेला असेल तर फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइड निघतो. घशाला जळजळ, खोकला, आणि दम्याच्या रुग्णाला थेट त्रास.

ब्लीचिंग पावडरशी गाठ पडणं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन, ब्लीच आणि अमोनियमयुक्त फिक्सर एकत्र आले की क्लोरामाइन. दोन्ही वायू बंद बाथरूममध्ये घातक. रोल धुतल्याच्या दिवशी बाथरूम साध्या पाण्यानेच धुवा.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत साठवणं. हा सगळ्यात मोठा धोका. फिक्सर पाण्यासारखा दिसतो आणि घरात लहान मूल असतं. चुकून कोणी प्यायलं तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन लगेच सीपीआर किंवा जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा.

झाडाला 'खत' म्हणून घालणं. अमोनियम थायोसल्फेट शेतीत खत म्हणून वापरतात, हे खरं. पण त्या खतात चांदी नसते. वापरलेल्या फिक्सरमध्ये असते.

'कॅफेनॉल' म्हणजे सगळं इको-फ्रेंडली, असा समज. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांतून डेव्हलपर बनतो आणि तो खरंच सौम्य असतो. पण त्यानंतर फिक्सर लागतोच. चांदी तितकीच निघते.

चांदीच्या गावाजवळची चांदी

कोल्हापूरकरांसाठी यात एक जमेची बाजू आहे. जिल्ह्यातलं हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखलं जातं. चांदीची आटणी करणारे कारागीर तिथे आहेत. सराफी पेठेत दुकानांतली झाडलोट विकत घेऊन त्यातून सोन्या-चांदीचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले आहेत. केर म्हणून टाकलेल्यातही चांदी असते, हे या भागाला कोणी शिकवायला नको. एका माणसाचा एक लिटर फिक्सर कोणाच्या नजरेत भरणार नाही. पण शहरातल्या रोल धुणाऱ्या दहा-पंधरा जणांनी कॅन एकत्र केले, तर त्यात विचारायला जाण्याइतकी चांदी नक्की असेल.

तोवर सुरुवात एका कॅनपासून करता येईल. त्यावर मार्करने मराठीत मोठ्या अक्षरात लिहा : 'वापरलेला फिक्सर. विषारी. पिऊ नये, ओतू नये.' खाली पहिल्या रोलची तारीख टाका. घरातल्या प्रत्येकाला तो दाखवा. रोल धुण्याचं काम निगेटिव्ह वाळल्यावर संपत नाही, ते या कॅनचं झाकण लावल्यावर संपतं.